कंबरेच्या मणक्याचं फ्युजन ऑपरेशन आणि नंतरची रिकव्हरी

कंबरेत 5 मणके असतात, एल-1 ते एल-5. त्यातले दोन किंवा जास्त मणके स्क्रू-रॉडने धरून, हाडाचा चुरा घालून कायमचे एकजीव करायचे याला लंबर फ्युजन म्हणतात, बहुतेक वेळा ते एल-4-एल-5 नाहीतर त्याच्या खालच्या सांध्यावर होतं. स्क्रू फक्त धरून ठेवतात, जोड हाडच घालतं, आणि त्याला 3 ते 6 महिने, कधीकधी वर्षही लागतं. टाके काढले की घरचे म्हणतात झालं बरं, पण आत तेव्हा नुसती सुरुवात झालेली असते.

जोड न लागण्यामागचं एक मोठं कारण निकोटिन. रक्तवाहिन्या आकसतात, नवं हाड तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. विडी-सिगरेट सगळ्यांना कळते, पण कोकणात खरा घोळ मिश्रीचा आहे. सकाळी मागल्या दारी बसून तळहातावर मिश्री घेऊन अर्धा-अर्धा तास दात घासणारी काकी, डॉक्टरने "तंबाखू खाता का" विचारलं की मनापासून नाही म्हणते, कारण तिच्या हिशेबी ते दात घासणं आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटिन त्यातूनही रक्तात जातं. म्हणून घरच्यांनीच नाव घेऊन सांगावं, आणि ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी आणि नंतर जोड लागेपर्यंत डबी घरात ठेवूच नये.

डायबेटिस असेल आणि शुगर ताब्यात नसेल तर जखमेत पू होण्याचा धोका वाढतो. हाडं ठिसूळ असतील तर स्क्रूची पकड ढिली पडते. व्हिटॅमिन डी आणि प्रोटीन पण तितकंच महत्त्वाचं, आणि इथे एक गैरसमज नडतो, जखम चिघळेल म्हणून पेशंटचे मासे बंद करतात. बांगडा, तारली यात दोन्ही भरपूर आहे, डॉक्टरने मनाई केली नसेल तर खुशाल द्यावेत. पेनकिलरच्या काही गोळ्यांनी हाड जुळायला अडथळा येऊ शकतो, मेडिकलमधून मनाने आणू नयेत.

मग घर. वाकणं, वजन उचलणं, कंबर पिळणं, सुरुवातीला ही तिन्ही बंद. 2-3 किलोच्या वर काही नको, म्हणजे विहिरीवरची भरलेली कळशी सोडाच. जमिनीवर विळी घेऊन बसणं, लावणीला वाकणं, रापणीचं जाळं ओढणं, यातलं कधी सुरू करायचं ते एक्सरे बघून सर्जनच सांगतो. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. उठताना आधी अख्खं अंग एका कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटून बसायचं. चालणं मात्र पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होतं आणि रोज थोडं वाढवायचं, फक्त पावसाळ्यात खळ्यात, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तिथे नको, पडवीतच फेऱ्या माराव्यात.

मनाचाही वाटा मोठा आहे. आधीपासून डिप्रेशन असेल किंवा हललो तर स्क्रू तुटेल अशी भीती बसली असेल तर दुखणं लांबतं. पायात उतरणारी कळ सहसा लवकर कमी होते, कंबरदुखी उशिरा आणि कधी पूर्ण जात नाही, हे आधीच नीट सांगितलेला पेशंट कमी खचतो.

ताप, जखमेतून पाणी येणं, पोटरीला सूज, पायातली ताकद जाणं किंवा लघवी अडकणं यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.