काळी पेटी

जिची आतील रचना माहीत नाही किंवा मुद्दाम बाजूला ठेवली आहे, अशी प्रणाली केवळ तिच्या आवक-जावकीवरून अभ्यासली जाते, तेव्हा तिला काळी पेटी किंवा ब्लॅक बॉक्स म्हणतात. कचेरीच्या नोंदवहीतले आवक-जावक हे शब्द इथे नेमके बसतात. विद्युत मंडलांच्या अभ्यासात रुळलेल्या या कल्पनेची पद्धतशीर चर्चा डब्ल्यू. रॉस ॲशबी यांनी 1956 मध्ये केली. विमानातील ब्लॅक बॉक्सशी तिचे फक्त नाव जुळते. तो नारिंगी असतो आणि उघडून वाचण्यासाठीच बसवलेला असतो.

सोलापुरात पावसाळाभर चौकशी होते ती दौंडच्या विसर्गाची. घाटमाथ्यावर पाऊस किती झाला आणि दौंडला भीमेतून किती क्युसेक वाहत आहे, एवढ्यावरच उजनी धरण ‘मायनस’मधून (म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखालून) ‘प्लस’मध्ये कधी येईल याचे अंदाज चहाच्या टपरीवर बांधले जातात, मधले डोंगर, ओढे आणि शेते यांचा हिशेब कोणी मांडत नाही. धरणाच्या सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा असल्याने हा ‘मायनस’ दीर्घकाळ टिकू शकतो. जलशास्त्रातील एकक जलालेख (ठरावीक पावसानंतर नदीचा प्रवाह वेळेनुसार कसा बदलतो हे दाखवणारा आलेख), जो एल. के. शर्मन यांनी 1932 मध्ये मांडला, तोही पाऊस आणि प्रवाह यांचा असाच थेट मेळ घालतो.

मात्र पेटीला स्मृती असते. जूनमधला पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते. तेवढाच पाऊस ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीवर पडला, तर त्यातला बराच ओढ्यांना मिळतो. म्हणून आवक सारखी असूनही जावक बदलते, आणि आतली स्थिती अनुमानाने ठरवावी लागते. तेही नेहमी साधत नाही: मोजक्याच स्थिती असलेल्या काही यंत्रांची सुरुवातीची स्थिती बाहेरून केलेल्या कोणत्याही एका प्रयोगाने ओळखता येत नाही, हे एडवर्ड मूर यांनी 1956 मध्ये दाखवले.

याउलट सोलापुरी चादरीचा जकार्ड माग ही उघडी पेटी म्हणावी लागेल. कार्डाला छिद्र असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. नक्षी चुकली तर कारागीर थेट कार्ड तपासतो.

नोंदीतून सुटलेली आवक ही या पद्धतीतली सर्वांत सामान्य चूक होय. खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी पुढे भीमेला मिळते, त्यामुळे पाऊस उघडल्यावरही दौंडचा आकडा चढत राहतो आणि केवळ पर्जन्यमापकाकडे पाहणाऱ्याचा अंदाज चुकतो.