एस्केप दाबलं तरी कासव का थांबत नाही?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या टर्टलने, म्हणजे पडद्यावर रेषा काढत चालणाऱ्या कासवाने, सोलापुरी चादरीची नक्षी काढायला घेतली की पहिला धडा मिळतो तो थांबवण्याचा. चित्राच्या खिडकीत कंट्रोल-सी दाबलं जातं, काहीच घडत नाही, आणि ‘पीसी हँग झाला’ म्हणून थेट पॉवरचं बटण दाबलं जातं. पीसी धडधाकट असतो. कंट्रोल-सी म्हणजे ‘थांब’ हे फक्त टर्मिनलला, म्हणजे जिथून प्रोग्राम चालू केला त्या मजकुराच्या खिडकीला, कळतं. ते दाबल्यावर तिथून प्रोग्रामला सिगइंट हा सिग्नल जातो. चित्राच्या खिडकीला मात्र ती नुसती एक कळ.

म्हणून कळ स्वतः बांधायची. आधी टर्टलचं लिसन हे फंक्शन बोलवा (म्हणजे चालवा), नाहीतर खिडकी कीबोर्डकडे लक्षच देत नाही. मग कळीला फंक्शन जोडणारं ऑनकी: पहिलं तुमच्या फंक्शनचं नाव, नंतर ‘एस्केप’, इंग्रजीत पहिलं अक्षर कॅपिटल. फंक्शनच्या नावापुढे कंस टाकू नका. टाकलात तर ते तिथेच चालतं.

एवढं करूनही कासव कधीकधी ऐकत नाही, आणि खरी गंमत इथे आहे. कळ दाबल्याची नोंद एका रांगेत पडते. ती रांग कोणी वाचली तरच तुमचं फंक्शन चालतं. कासव सावकाश चालताना दर पावलाला पडदा ताजा होतो आणि त्याच वेळी रांगही वाचली जाते. पण हजारो रेषांची नक्षी झटकन उमटावी म्हणून आपण ट्रेसर, म्हणजे पडदा कधी ताजा करायचा ते ठरवणारी सेटिंग, 0 करतो. मग पडदा ताजा होत नाही आणि रांगही कोणी बघत नाही. एस्केप पडून राहतं. दहादा दाबलंत तर दहा नोंदी पडून राहतात, जोर वाढत नाही. उपाय: रेषा काढणाऱ्या लूपच्या दर 200 फेऱ्यांनंतर अपडेट बोलवा, ते पडदा ताजा करतं आणि रांगही वाचतं.

कळीच्या फंक्शनमध्ये थेट बाय बोलावलं तर खिडकी जाते, पण लूप पुढची रेषा काढायला जातो आणि टर्मिनेटर एरर येते. त्याऐवजी सुरुवातीला ट्रू ठेवलेलं ‘चालू’ नावाचं व्हेरिएबल तिथे फॉल्स करा (पायथन 3 ला देवनागरी नाव चालतं) आणि लूपची अट तीच ठेवा. फंक्शनात ग्लोबल (म्हणजे ‘बाहेरचंच व्हेरिएबल वापर’) लिहायला विसरलात तर तिथे नवंच ‘चालू’ तयार होतं, जुनं ट्रूच राहतं.

एआय चॅटबॉट अनेकदा यासाठी ‘कीबोर्ड’ नावाची वेगळी लायब्ररी टाकायला सांगतो. लिनक्सवर तिला रूटचे, म्हणजे अख्ख्या संगणकावर ताबा देणारे, अधिकार लागतात. कासव थांबवायला एवढं कशाला? लूप संपल्यावर बाय बोलवा, खिडकी मुकाट्याने बंद होते.