परिणामकारक प्रार्थना (ख्रिस्ती)

देवाच्या इच्छेला धरून, नेमक्या शब्दांत आणि उत्तर येईपर्यंत नेटाने केलेली प्रार्थना. या कल्पनेचा मुख्य आधार बायबलातल्या याकोबाच्या पत्रात (5:16–18) आहे. नीतिमानाची प्रार्थना फार प्रबळ असते असे सांगून याकोब दाखला देतो तो एलीया संदेष्ट्याचा आणि पावसाचा. मृग कोरडा गेला की मराठवाड्यातल्या पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) हाती हा उतारा आयताच असतो. मूळ प्रसंग 1 राजे 18 मध्ये आहे. याकोबाच्या हिशेबाने साडेतीन वर्षांचा दुष्काळ. कर्मेल डोंगराच्या माथ्यावर एलीया गुडघ्यांत डोके घालून बसलेला. चाकराला तो समुद्राकडे पाहून यायला सांगतो. सहा खेपा काहीच दिसत नाही, सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग. उपदेशाचा भर बहुधा या सात खेपांवर असतो. खरी मेख त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात आहे: पाऊस पाडीन, असा शब्द देवाने आधीच दिला होता. एलीया त्या शब्दाला धरून बसला होता. त्यामुळे अनुभवी मंडळी आधी पवित्र शास्त्र उघडतात, मग तोंड उघडतात.

रोजच्या प्रार्थनेला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पहाटेची, घर जागे होण्याआधीची वेळ सोयीची. एक स्तोत्र सावकाश वाचावे. मग स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती आणि शेवटी मागणे, हा क्रम अनेक पंथांत ओळखीचा आहे. कबुली टाळली तर पुढचे सगळे पोकळ होते (स्तोत्र 66:18). बांधावरून भावकीशी अबोला असेल तर तो आधी मिटवावा. वेदीपुढे अर्पण तसेच ठेवून भावाकडे जा, ही येशूची आज्ञा (मत्तय 5:23–24) प्रार्थनेलाही लागू धरतात. मागणे नेमके असावे. ‘सर्वांचे भले कर’ या विनंतीचे उत्तर आले की नाही हे कोणालाच कळत नाही. ‘धाकटीच्या फीचे पैसे जूनअखेर जमू दे’ याचे कळते. यासाठी साधी वही ठेवावी: तारीख, विषय, आधाराचे वचन आणि उत्तरासाठी कोरी जागा. विषय आठ-दहाच्या वर गेले की वाचन उरते, प्रार्थना होत नाही. ते वारांवर वाटून घ्यावेत.

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना (मत्तय 6:9–13) हा या सगळ्याचा नमुना. तिच्यात देवाचे नाव, राज्य आणि इच्छा आधी येतात, भाकरी नंतर.

मराठवाड्यात प्रार्थनेला सामुदायिक वळण फार. निजामाच्या राज्यात असताना जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी 19व्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. पुढे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक (1861–1919) यांची पदे आणि अभंग मराठी उपासनेत रुजले, म्हणून घरोघरच्या प्रार्थनासभेत पेटी, ढोलकी आणि झांज असते. सभा तासाभराची असावी: दोन गीते, एक उतारा, विषय सांगणे, प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद. एकाने दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. लांबलेली प्रार्थना हळूच उपदेशाकडे झुकते आणि देवाऐवजी शेजारी बसलेल्या सुनेला उद्देशून होऊ लागते. दुसरा धोका विषय सांगताना. ‘अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा’ म्हणत त्या घरातली सगळी भांडणे सांगितली जातात. विषय सांगणाऱ्याने गरज एका वाक्यात सांगावी, तपशील पोटात ठेवावा.

कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ म्हटली जाते. तिच्यात दहा-दहा मण्यांचे पाच संच असतात आणि प्रत्येक संचाबरोबर ख्रिस्त-मरियेच्या जीवनातील एका रहस्याचे मनन. मनन सुटले की नुसती गती उरते. व्यर्थ बडबडीबद्दलचा इशारा (मत्तय 6:7) उत्स्फूर्त प्रार्थना करणाऱ्यांनाही चुकत नाही. दर वाक्यात चार वेळा ‘प्रभू, प्रभू’ म्हणणे हीही बडबडच.

सर्वांत खोल चूक नवसाची. ‘बोअरला पाणी लागू दे, मग दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देईन’ हा सौदा झाला. दशांश द्यायचाच असतो. आवाज चढवला की उत्तर लवकर येते, हा समजही त्याच जातीचा. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांनी (चर्चच्या पुढाऱ्यांनी) तेल लावून प्रार्थना करावी असे याकोब (5:14) सांगतो. औषध बंद करा असे कुठेही म्हणत नाही. टीबीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या ‘विश्वासाने’ सोडायला लावणारा माणूस रुग्णाला धोक्यात घालतो. उपास-प्रार्थनेतही मधुमेहींनी, तसेच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी जेवण सोडू नये. मोबाइल किंवा टीव्ही सोडला तरी चालतो.

मागितलेले मिळाले नाही तर दोष नेहमी विश्वासाचाच काढणे अन्यायाचे आहे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (कायमचा त्रास) काढ म्हणून देवाला तीनदा विनवले. काटा राहिला, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले (2 करिंथ 12:8–9). अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितले आणि शेवट पित्याच्या इच्छेवर सोडला. मात्र ‘तुझी इच्छा असेल तर’ हे शब्द काही जण मागण्याआधीच माघार म्हणून वापरतात. येशूने आधी स्पष्ट मागितले होते.

दिवाळीनंतर ज्या मंडळीतली (चर्चमधली) कुटुंबे ऊसतोडीला जातात, तिथे मागे राहिलेल्यांनी कुटुंबागणिक वार ठरवून घेणे सोयीचे पडते. कोपीतली (तोडीवरच्या झोपडीतली) लेकरे, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे), रात्रीची वाहतूक हे विषय फोनवर विचारून वहीत टिपावेत आणि माणसे गावी परतली की उत्तराची जागा त्यांच्यासमोर बसून भरावी.