संकवक (मायकोरायझा)

वनस्पतीची मुळे आणि जमिनीतील काही कवके यांच्यात जुळणाऱ्या परस्परोपयोगी सहजीवनाला संकवक म्हणतात. कवक मातीतून स्फुरद, जस्त आणि काही प्रमाणात पाणी मुळाला आणून देते, तर वनस्पती पानांत तयार झालेली शर्करा आणि मुळात बनलेली मेदद्रव्ये कवकाला पुरवते. ट्रफल या महागड्या भूछत्राच्या लागवडीचा मार्ग शोधत असताना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बेर्ट बेर्नहार्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. कवक आणि मूळ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यात जोडलेले आहेत. खानदेशातील कृषी सेवा केंद्रांत आजही हेच नाव किंवा ‘व्हॅम’ (व्हेसिक्युलर-आर्बस्क्युलर मायकोरायझा) हे जुने आद्याक्षरी रूप चालते.

पाइन, ओक, साल अशा वृक्षांत कवक मुळाभोवती बाहेरून आवरण विणते. कपाशी, ज्वारी, मका, केळी, कांदा, मिरची, तूर या खानदेशच्या पिकांत आणि सातपुड्यातील सागात मात्र ते थेट मुळाच्या पेशींत शिरते. हा दुसरा प्रकार फार प्राचीन असून स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतिजीवाश्मांतही त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. मोहरी, कोबी व पालक यांची कुळे या व्यवहारापासून जवळजवळ पूर्णपणे अलिप्त आहेत.

या सहजीवनाची सुरुवात मुळाकडून होते. स्फुरदाची टंचाई असलेले मूळ स्ट्रिगोलॅक्टोन वर्गातील द्रव्ये अतिसूक्ष्म प्रमाणात मातीत सोडते आणि त्यांच्या सान्निध्यात कवकतंतूंना भराभर फाटे फुटू लागतात. या वर्गातील पहिले द्रव्य १९६६ मध्ये कपाशीच्याच मुळांच्या स्रावातून वेगळे केले गेले, परंतु तेव्हा ते ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाच्या बियांना अंकुरायला लावणारे द्रव्य म्हणून ओळखले गेले. कपाशीवर टारफुला जगत नाही, तरी तिचे मूळ त्याला जाग आणणारे द्रव्य का सोडते, हे कोडे २००५ मध्ये सुटले : ती हाक मुळात कवकासाठी होती आणि टारफुला ती चोरून ऐकत होता.

मुळात शिरलेला तंतू सालीच्या पेशीची भित्तिका भेदतो, पण आतले पटल फोडत नाही; ते पटल त्याच्याभोवती लपेटले जाते आणि आत झाडाच्या फांद्यांसारखी दाट शाखांची रचना (आर्बस्क्यूल) तयार होते. देवघेव येथेच होते. ही रचना जेमतेम काही दिवस टिकते, मग विरते आणि शेजारच्या पेशीत नवी उभी राहते.

या व्यवस्थेचे महत्त्व स्फुरदाच्या स्वभावात आहे. नत्र पाण्याबरोबर वाहते. स्फुरद मातीत जवळपास हलतच नाही. मूळ आपल्या भोवतालचा एक-दोन मिलिमीटरांचा पट्टा रिकामा करते आणि तेथेच अडकते, तर केसाहून कितीतरी बारीक असलेले कवकतंतू त्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत पसरतात. तापी व गिरणेच्या खोऱ्यांतील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत डीएपी खतातून दिलेल्या स्फुरदाचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जात असल्यामुळे ही पोहोच विशेष मोलाची ठरते. मात्र हे कवक घट्ट बांधलेला स्फुरद विरघळवते हा जाहिरातींतील दावा जपूनच घ्यावा. त्याचे मुख्य काम उपलब्ध स्फुरद दुरून वाहून आणण्याचे आहे.

कांद्याच्या मुळांना मूलरोम तुरळक असतात आणि केळीची मुळे जाड असतात, त्यामुळे ही पिके कवकावर अधिक विसंबतात. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात लावल्या जाणाऱ्या ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) केळीचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. बाटलीत निर्जंतुक माध्यमावर वाढलेल्या रोपाच्या मुळात एकही कवकतंतू नसतो आणि शेडनेटमधील कोकोपीटमध्येही तो आपोआप येत नाही. म्हणून कवक देण्याची योग्य वेळ रोप पिशवीत असतानाची होय. केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो वा कांदेबाग (पावसाळ्याच्या अखेरीची लागवड), शेतात खड्डा घेतल्यावर ते द्यायचे झाल्यास भुकटी मुळाला प्रत्यक्ष चिकटेल अशीच टाकावी लागते. मातीवर वरून भुरभुरलेली भुकटी बहुधा वाया जाते.

त्यानंतरचा व्यवहार बहुतेक ठिकाणी फसतो, आणि तो कवकामुळे नव्हे. ठिबकमधून १२:६१:०० सारखी स्फुरदयुक्त खते भरपूर मिळू लागली की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन सोडणे कमी करते आणि सहजीवन मंदावते. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी तर कवकालाच मारक असते. एकाच आठवड्यात कवकाची भुकटी आणि हे बुरशीनाशक असे दोन्ही विकत घेणारे शेतकरी कमी नाहीत, आणि दोन्ही विकणारे दुकान बहुधा एकच असते.

हे कवक जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. त्याचे बीजाणू व तुटके तंतू काही काळच तग धरतात. ऑस्ट्रेलियातील डार्लिंग डाउन्स भागात दीर्घकाळ पडीक ठेवलेल्या रानात पुढच्या पिकाला स्फुरद व जस्ताची टंचाई जाणवते आणि त्याचे एक कारण कवकाचा ऱ्हास हे मानले जाते. पऱ्हाटी उपटून रान उन्हाळाभर उघडे ठेवणे आणि रोटाव्हेटर पुन्हापुन्हा फिरवणे यांचाही परिणाम याच दिशेने होतो. उलट ज्वारी व मका ही कवक पोसणारी पिके असून कुंड्यांत त्याची वाढ करण्यासाठीही त्यांचीच मुळे वापरतात.

हरभऱ्याच्या मुळावरील गाठी रोप उपटताच दिसतात, तशी संकवकाची खूण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बारीक मुळे दाहक पोटॅशच्या द्रावणात तापवून रंगहीन करतात, आम्लात धुतात आणि ट्रायपॅन ब्लूने रंगवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली फिकट पेशींच्या रांगांमधून धावणारे निळे तंतू, मेद साठवणाऱ्या गोल पिशव्या आणि पेशी भरून टाकणारी ती निळी झाडे दिसू लागतात.