बॅरलची आस आणि लेथचा काटा

मुंबईत साकीनाक्याच्या कुठल्याही गाळ्यात लांब नळी लेथवर, म्हणजे काम गरगर फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, चढली की ते चालवणारा टर्नर आधी खडू हातात घेतो. नळी पकडणारा चक हळू फिरवायचा, खडू टेकवायचा. जिथे पांढरी रेघ उमटते ती बाजू बाहेर आलेली. त्या बाजूचा जॉ, म्हणजे चकचा जबडा, दाबायचा, समोरचा सैल करायचा. खडूचं काम संपलं की डायल, म्हणजे केसभर हालचालही काट्याने दाखवणारं मापक, लागतो आणि काटा थांबेपर्यंत हा खेळ चालतो. याला आपल्याकडे ‘जॉब ट्रू करणं’ म्हणतात. जॉब म्हणजे लेथवर चढवलेलं काम. माझे वडील गिरणगावातल्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. हे सगळं करून झाल्यावर ते नेहमी विचारायचे, “बाहेरून ट्रू झाला. आतून?”

रायफलच्या बॅरलचं सगळं मर्म या प्रश्नात आहे. गोळी भोकातून जाते, बाहेरच्या अंगाशी तिचा संबंध नसतो. लांब भोक बाहेरच्या गोलाईशी कधीच तंतोतंत जुळत नाही. म्हणून बॅरलचं तोंड किंवा काडतुसाची जागा बाहेरचं अंग धरून कापली, तर ती भोकाच्या आसेला, म्हणजे मधोमध जाणाऱ्या रेषेला, तिरकी बसते आणि गोळी सुटतानाच कलते. जगभरचे बॅरल करणारे भोकाला प्रमाण मानून लेथवर काम बसवतात, ते यासाठी.

भोकाची ही अडचण तोफांपासून चालत आली आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली आणि आज विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान ही त्या काळातल्या ओतकामाची थोर निशाणी. तेव्हा तोफ पोकळच ओतत. साच्यात मधोमध मातीचा गाभा उभा करायचा आणि भोवती धातू सोडायचा. धातूच्या रेट्याने गाभा जरा सरकला की भोक एका बाजूला जायचं, एकीकडची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ व्हायची. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडच्या योहान मारिट्झने हा मार्गच सोडला. तोफ भरीव ओतायची आणि भोक नंतर पाडायचं, ही त्याची रीत. पुढे आडव्या यंत्रावर तोफ स्वतः गरगर फिरू लागली आणि कापणारं हत्यार न फिरता फक्त पुढे सरकू लागलं.

हा बदल मला फार मोठा वाटतो. ड्रिल फिरत असेल आणि एकदा तिरकं शिरलं, तर ते त्याच बाजूला वाहवत जातं. जॉब फिरत असेल तर जॉबच्या हिशेबाने हत्याराची बाजू क्षणोक्षणी बदलते, चूक एकीकडे साचत नाही आणि भोक फिरण्याच्या आसेला धरून राहतं. खोल भोकासाठी आजही शक्यतो जॉबच फिरवतात.

१७७० च्या दशकात यान व्हर्ब्रुगेन या डच ओतकाऱ्याने हे आडवं यंत्र इंग्लंडमध्ये वुलिचच्या तोफखान्यात उभारलं. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सन या इंग्लिश लोखंड-कारखानदाराने लोखंडी तोफांना भोक पाडण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं, ते आरमाराने हरकत घेतल्यावर १७७९ मध्ये रद्द झालं. पण तोवर विल्किन्सनने आणखी एक यंत्र केलं होतं. ते वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरसाठी. सिलिंडर दोन्ही टोकांना उघडा असतो, म्हणून त्याने जाड दांडा आरपार घातला आणि दोन्हीकडे आधार दिला. एका टोकाला लोंबणारा दांडा वाकतो, दोन्हीकडे टेकलेला ताठ राहतो. जेम्स वॉटचं इंजिन वाफ गळत असल्यामुळे रखडलं होतं. विल्किन्सनने ५० इंच व्यासाचा सिलिंडर असा कापून दिला की त्यातली चूक जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षा कमी भरली. त्या मानाने आमच्या गाळ्यातलं आजचं साधं कामसुद्धा कितीतरी बारीक असतं, पण वाफेचं युग त्या शिलिंगभर चुकीवर उभं राहिलं.

हीच वाफ मुंबईत आली ती गोदीतून. अर्देशीर करसेटजी वाडिया १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनियर म्हणून त्यांनी सूत्रं हाती घेतली. त्यांच्या हाताखाली युरोपियन कारागीर होते. पुढे १८५३ ला रेल्वे, १८५४ ला कावसजी दावरांची गिरणी कंपनी, आणि प्रत्येक गिरणीमागे, प्रत्येक रेल्वे वर्कशॉपमध्ये लेथ.

तोफेचं जमलं तरी बंदुकीच्या बारीक, लांब नळीचं दुखणं राहिलंच. तिथे नळी सरळ करणारा माणूस वेगळा असे. आधी तो भोकातून धनुष्यासारखी ताणलेली बारीक तार घालून बघे. पुढे सावलीची रीत आली. नळी उजेडाकडे धरली की खिडकीच्या कडेची सावली भोकाच्या चकचकीत भिंतीवर लांब रेघेसारखी पडते. नळी सरळ तर रेघ सरळ. जिथे रेघ मोडली, तिथे नळी ऐरणीवर ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका. या डोळ्यांना कारखान्यात मोठा मान होता.

१८५४ च्या सुमारास ब्रिटिश सरकार रायफली बनवण्याच्या यंत्रांसाठी जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश यंत्रकाराकडे गेलं. रायफल चांगली कशामुळे होते हे आधी शोधू द्या, असा त्याचा आग्रह होता. त्याने मँचेस्टरला ५०० यार्डांची बंदिस्त चाचणी-गॅलरी उभारली, ०.४५१ इंचाचं षटकोनी भोक ठरवलं, आणि १८५७ च्या चाचण्यांत त्याची रायफल लष्कराच्या तेव्हाच्या एनफिल्डपेक्षा अचूक ठरली. महाग म्हणून लष्कराने ती घेतली नाही. पण याच माणसाचे १८४१ चे ५५ अंशांचे आटे मुंबईच्या घराघरात आहेत. आपल्या नळाच्या पाइपला तोच कोन आहे, आणि नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जुना माणूस अजूनही चार सुताचा ‘व्हिटवर्थ’ बोल्ट मागतो.

आता काट्याकडे. १८३० मध्ये अमेरिकेत सायमन फेअरमनने लेथच्या चकचं पेटंट घेतलं, १८४८ मध्ये फ्रान्सच्या पामरने स्क्रूवर चालणारा मायक्रोमीटर आणला, आणि १८८३ मध्ये घड्याळांच्या वॉलथम गावातल्या जॉन लोगनने डायलच्या पूर्वजाचं पेटंट मागितलं. मायक्रोमीटर जाडी सांगतो. फिरणाऱ्या जॉबचं केंद्र सरकलंय का, हे डायल सांगतो. शिकाऊ मुलं इथे हमखास एक चूक करतात. काटा ०.१० मिलिमीटर हलला म्हणजे केंद्र ०.०५ ने सरकलेलं असतं. काटा दुप्पट दाखवतो.

तरीही चकजवळ काटा थांबला म्हणजे काम झालं असं नाही. भोक त्या एका जागी मध्यावर असेल आणि पुढे तिरकं जात असेल. आस ठरायला दोन बिंदू लागतात. म्हणून बॅरलवाले पुढे चार जबड्यांचा चक (फोर जॉ) आणि स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या पोकळ दांड्याच्या, मागच्या तोंडाला चार स्क्रूंचा आधार देतात, त्याला ते ‘स्पायडर’ म्हणतात. भोकात बरोबर बसणारी पिन घालून काटा तिच्यावर दोन ठिकाणी बघायचा. पुढचं जुळवलं की मागचं हलतं, मागचं जुळवलं की पुढचं. हे काम घाईच्या माणसाचं नाही.

मशीनच वाकडं असेल तर काटा तरी काय करणार? १९२७ मध्ये बर्लिनच्या जॉर्ज श्लेसिंगरने मशीन टूल, म्हणजे लेथसारखी धातू कापणारी यंत्रं, तपासायचे नियम मांडले: टेस्ट बार (अचूक सरळ दांडा) लावा, दोन जागी काटा बघा, बेडचा, म्हणजे लेथच्या लांब पायाचा, पीळ मोजा. घरगुती छोट्या लेथचं मोठं दुखणं हा पीळच असतो. असमान फरशीवर बोल्ट आवळले की बेड पिळला जातो आणि टर्निंग टेपर येतं, म्हणजे जॉब एकीकडे जाड, एकीकडे बारीक कापला जातो.

मराठी माणसाचं या कहाणीतलं मोठं नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झालेल्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ते शिकवत होते. त्यांच्या घराण्याच्या उद्योगातून १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिची लेथ गावोगाव गेली. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या एचएमटी या सरकारी कंपनीची पुढे भर पडली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या वडिलांसारखे कितीतरी टर्नर मग कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांत आले आणि गिरणीच्या स्पिंडलवर बसलेला हात तिथे हायड्रॉलिक सिलिंडरवर, छपाईच्या रोलरवर चालू लागला.

रायफलचं बॅरल मात्र आपल्याकडे घरच्या लेथवर चढत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं आणि दुरुस्त करणंही गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. वरळीच्या रेंजवर नेमबाज ज्या रायफली वापरतात, त्यांच्या बॅरलची आस बहुतेक परदेशातल्या कारखान्यातच जुळवलेली असते.

वडिलांची पिन अजून माझ्याकडे आहे. २० मिलिमीटरची, ग्राइंड केलेली, तेलात बुडवलेल्या कापडात गुंडाळलेली. भांडुपच्या शेडमध्ये रोलर चढवला की ती भोकात सरकवतो. आधी चकजवळ काटा लावतो, मग चार इंच पुढे, आणि मग पुन्हा चकजवळ.