फेडणे : एका क्रियापदाचा मागोवा

ऊसबिलातून विकास सेवा सोसायटीची बाकी वळती झाली, की कोल्हापूरकडचा शेतकरी म्हणतो, ‘सोसायटी फिटली.’ चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ज्योतिबाच्या नावानं चांगभलं करत गुलाल-खोबरं उधळणारे ‘नवस फेडायला’ आलेले असतात. पोरगं शिकून नोकरीला लागलं, की गल्ली म्हणते, ‘पांग फेडलं पोरानं.’ सोसायटीचं देणं, देवाचं देणं आणि आईबापाचं देणं, तिन्ही चुकती करायला क्रियापद एकच.

जुन्या मराठीत मात्र याचा पैशाशी संबंध असलाच पाहिजे असं नव्हतं. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात ‘मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळीं’ अशी ओवी येते. इथे कुणाचं कर्ज नाही. दिव्यावर धरलेली काजळी काढून टाकणं, एवढाच अर्थ. नेसलेलं लुगडं किंवा धोतर फेडतात तेही याच अर्थानं : गुंडाळलेलं सोडायचं, अंगावरचं उतरवायचं. पांग म्हणजे उणीव, ददात. ती दूर करायची म्हणून पांग फेडायचे. ऋणाला आपण बंधन मानत आलो, आणि म्हणूनच देणं चुकवायलाही सोडवण्याचं क्रियापद चालून गेलं असावं, असं मला वाटतं.

फेडणे-फिटणे ही जोडी तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे यांच्या घरातली. माणूस फेडतो, देणं फिटतं. दोघांचं एकमेकांकडे काही उरलं नाही, की ‘फिटंफाट’ होते.

सगळ्यात जड वापर पापाचा. ‘कुठं फेडशील ही पापं?’ या प्रश्नात ‘कशी’ नाही, ‘कुठं’ आहे. या जन्मी की पुढच्या, एवढंच काय ते विचारायचं. फेडावं लागणार हे धरलेलंच असतं. म्हातारी माणसं तर तेही विचारत नाहीत. ‘केलेलं इथंच फेडायचं असतंय,’ म्हणून मोकळी होतात.

भरपाई हा शब्द इथे चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं, शिरोळ तालुक्यातली गावं बुडाली, नंतर पंचनामे झाले. तेव्हा लोकांनी ‘भरपाई मिळाली का?’ असंच विचारलं. सरकारनं फेडलं असं कुणी म्हटलं नाही. भरपाई तिसराही देऊ शकतो, कारण तिथे खड्डा बुजवायचा असतो. फेडायचं ते ज्याच्या माथी देणं आहे त्यानं. बापाचं कर्ज मुलगा फेडतो तोही वारस म्हणूनच. दुखावलेल्या माणसाला नुसते पैसे टेकवले तर ते त्याला पुरत नाहीत, त्यामागे हाच फरक आहे.

अलीकडे खेळाच्या बातम्यांत ‘पराभवाची परतफेड’ सर्रास छापून येते. म्हणजे वचपा. उपकाराच्या परतफेडीशेजारी हा अर्थही आता पक्का रुजला आहे. चूक म्हणता येणार नाही, पण मला तो खटकतो. तिथे ‘वचपा काढला’ हे आपलं रांगडं मराठी जास्त खरं वाटतं.