माजी सैनिकांच्या नाकाची साक्ष

इराक आणि अफगाणिस्तानातील अमेरिकी लष्करी तळांवर प्लास्टिक, बॅटऱ्या, रंगांचे डबे, रुग्णालयातील कचरा असे सारे काही उघड्या खड्ड्यांत टाकून, त्यावर जेट विमानांचे इंधन ओतून जाळले जात असे. बगदादच्या उत्तरेकडील बलाद तळावरचा खड्डा त्यासाठी विशेष कुप्रसिद्ध होता. माजी सैनिकांसाठीच्या ऑगस्ट २०२२ मधील अमेरिकेच्या ‘पॅक्ट’ कायद्याने अनेक आजारांचा या धुराशी संबंध गृहीत धरला खरा. पण कोणाच्या श्वासावाटे किती धूर शरीरात गेला याची वैयक्तिक नोंदच नसल्याने, त्याची खूण शरीरात सापडते का हे पाहणे संशोधकांना भाग आहे.

ती शोधण्यासाठी नाकाकडे वळण्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. नाकपोकळीच्या छतालगतच्या अस्तरातील गंधपेशी या चेतापेशीच असून त्यांची टोके थेट हवेच्या संपर्कात असतात, तर त्यांचे तंतू चाळणीसारख्या हाडातील छिद्रांमधून मेंदूच्या घ्राणकंदापर्यंत, म्हणजे वासाचे संकेत घेणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतात. मँगनीज या वाटेने मेंदूत शिरते हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, आणि कॅडमियमच्या धुरात काम करणाऱ्या कामगारांची गंधक्षमता घटल्याचेही आढळले आहे. या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, त्यामुळे हानी काही वेळा भरूनही निघते.

गंधक्षमता तपासण्याची चाचणी साधी आहे. पेन्सिलीच्या टोकाने कागदावरची वास भरलेली पट्टी खरवडायची, वास घ्यायचा आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या प्रसिद्ध चाचणीत असे ४० वास असतात. (त्यांत पेट्रोल आहे, तसा स्कंक या प्राण्याचा दर्पही आहे, तेव्हा आपल्याकडचे धडधाकट नाकही तिथे अडखळेल.)

मात्र निष्कर्ष काढण्याची घाई इथे परवडणारी नाही. १९९१ च्या आखाती युद्धात प्रत्यक्ष गेलेले ७२ माजी सैनिक आणि त्या काळात सेवेत असूनही तिकडे न गेलेले ३३ जण यांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही गटांच्या गंधओळखीत फरक आढळला नाही. शिवाय स्फोटाच्या हादऱ्याने गंधतंतू तुटू शकतात. वय, धूम्रपान, सायनसचा जुना विकार आणि कोविड यांनीही गंधक्षमता जाते, आणि पार्किन्सन या मेंदूच्या विकारात तर हातापायांचा कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी ती मंदावते. म्हणजे काहीतरी बिघडले आहे एवढेच नाक सांगते. ते कशामुळे बिघडले, हे एकट्या चाचणीतून कळत नाही. सैनिकांची श्रवणक्षमता जशी आधी मोजून ठेवतात, तशी गंधक्षमताही मोहिमेवर जाण्यापूर्वी नोंदवली, तर परतल्यावर तुलनेसाठी निदान मूळ आकडा तरी हाताशी असेल.